पाठमोरी

विल्हेल्म हामर्सहॉय या डॅनिश चित्रकाराने १९०० साली एक खोली रंगवली. चौकटीचौकटीची उंच खिडकी, तिच्या शेजारी बंद पांढरं दार, बाकी राखाडी भिंत. खिडकीतून ऊन तिरपं उतरतं, त्या उन्हाच्या पट्ट्यांत धूळ तरंगते आणि जमिनीवर खिडकीचा आकार पडलेला दिसतो. टेबल नाही, खुर्ची नाही, माणूस नाही. चित्राचं नावही तेवढंच सांगतं: उन्हाच्या किरणांत नाचणारे धूलिकण. उंची सत्तर सेंटिमीटर, रुंदी त्याहून थोडी कमी. कोपनहेगनजवळच्या ओर्ड्रुपगार्ड संग्रहालयात ते आहे. मी फोनवर पाहिलं, मग अमरावतीहून त्याची मोठी प्रिंट काढून आणली आणि माहेरच्या घरी माजघरात लावली.

आईनं पदराला हात पुसत ते नीट पाहिलं. मला वाटलं होतं ती विचारेल, यात आहे काय? तिनं वेगळंच विचारलं.

"या दाराले कडी कुठी हाये व?"

खरंच नाही. त्या दाराला कडी नाही, मूठ नाही. या चित्राविषयी लिहिणाऱ्या जाणत्यांनी ही गोष्ट टिपून ठेवली आहे, पण आईनं ती घरातल्या कामाच्या नजरेनं पाहिली. रोज रात्री घराची सगळी कवाडं लावून, कड्या चाचपून झोपणाऱ्या बाईला दार दिसलं की आधी कडी दिसते. "मंग हे उघडत असन कसं?" एवढं बोलून ती चुलीकडे गेली. मी मात्र तिथेच उभी राहिले. उघडता न येणारं दार आणि तरीही कुठेही कोंडल्यासारखं न वाटणारी खोली, हे त्याने कसं साधलं असेल, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यामागे लागला.

हामर्सहॉयचा जन्म १८६४ चा, कोपनहेगनचा. १८९१ मध्ये ईडा इल्स्टेडशी त्याचं लग्न झालं. १८९८ ते १९०९ ही अकरा वर्षं दोघं स्ट्रांडगेड रस्त्यावरच्या ३० नंबरच्या घरात भाड्याने राहिली. घर तेव्हाच जुनं होतं, १६३६ सालचं. या एका बिऱ्हाडातल्या खोल्यांची त्याने साठाहून जास्त चित्रं केली. तीच खिडकी, तेच दार, तीच भिंत पुन्हा पुन्हा. कधी त्यात ईडा आहे, कधी नाही. १९०७ च्या एका मुलाखतीत त्याने सांगितलं होतं की विषय निवडताना तो आधी रेषा बघतो, चित्रातली बांधणी बघतो, आणि मग अर्थातच उजेड. माणसांचा उल्लेख त्यात नाही. पण ईडा ज्या चित्रांत आहे ती पाहिल्यावर मला वाटतं, माणसाविषयी त्याला जे म्हणायचं होतं ते तो तिला कुठे आणि कसं उभं करतो यातूनच म्हणत होता.

बहुतेक वेळा ती पाठमोरी आहे. काळे कपडे, वर बांधलेले केस, उघडी मान. ती काय करते ते धड दिसत नाही. तिच्या हातात पत्र आहे, भांडं आहे, की काहीच नाही, हे आपण तिच्या कोपराच्या वळणावरून ओळखायचं. १९०५ चं ‘विश्रांती’ नावाचं चित्र पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. खुर्चीवर एक बाई बसली आहे, आपल्याकडे पाठ करून. खांदा किंचित उतरलेला, मान एका बाजूला कललेली. मला त्या चित्रातली मानच सगळ्यात जास्त दिसते. चेहऱ्याला लोकांपुढे कसं राहायचं ते कळतं, मानेला नाही.

या चित्रांकडे मी विदर्भातून बघते, आणि उजेडाचा फरक मला पहिल्यांदा जाणवतो. कोपनहेगनला ऐन हिवाळ्यात भर बारालाही सूर्य क्षितिजापासून जेमतेम अकरा अंश वर येतो. म्हणून तिथलं ऊन आडवं आत शिरतं, जमिनीवर लांबलचक पसरतं आणि माणसं त्याची वाट बघतात. आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. इथे मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असतो. आमचं जुनं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं होतं, पांढऱ्या मातीचं, हात-दीड हात जाडीच्या भिंतींचं. धाब्याला उजेडासाठी एक भोक ठेवलेलं असे. उन्हाळ्यात त्यातून उजेडाचा खांबच्या खांब सरळ खाली उतरायचा आणि जमिनीवर ताटाएवढा गोल पडायचा. तो गोल दिवसभर सरकत राहायचा. जात्याजवळ आला की जेवणं उरकलेली असायची, कणगीवर चढला की बैलांना पाणी दाखवायची वेळ. घरात घड्याळ होतं, पण आजीचं काम त्या गोलावर चालायचं.

बाकी घर अंधारं. त्या अंधारालाच आम्ही गारवा म्हणायचो. पारा पंचेचाळिसाच्या वर गेला की आमच्याकडे उजेड बाहेर ठेवायचा असतो. कवाडं लोटलेली, गल्लीत चिटपाखरू नाही, कुत्रं रांजणाच्या ओलीला पडलेलं. युरोपातला चित्रकार शांतता दाखवायला ऊन आत घेतो. वऱ्हाडातलं घर शांत होतं ते ऊन बाहेर ठेवून. तरी दोन्हीकडे धूळ तीच. त्या खांबात ती वर-खाली होत राहायची आणि आम्ही पोरं पालथी पडून तिच्याकडे बघत बसायचो.

पण हामर्सहॉयची रिकामी खोली पाहिली की मला त्या दुपारपेक्षा सारवणाचा दिवस जास्त आठवतो.

आजी आठवड्याला माजघर सारवायची. आधी सगळं बाहेर काढायचं. गाठोडी, डबे, पाट, सुपं, पाळणा असला तर पाळणा. जड होतं तेवढं, जातं आणि कणग्या, आतच राहायचं. माजघर एवढं मोठं आहे हे त्या दिवशीच कळायचं. मग शेण आणि माती घमेल्यात भिजवून ती पलीकडच्या भिंतीपासून सुरुवात करायची. उकिडवं बसून, उजव्या हाताची एक कमान, तिच्याला लागून दुसरी, मग अर्धं पाऊल मागे. पुन्हा कमान. असं मागे मागे सरकत ती दारापर्यंत यायची. शेवटची कमान उंबऱ्याला टेकली की ती खोलीच्या बाहेर आलेली असायची आणि खोलीत जायला कुणालाच वाट उरलेली नसायची. आम्हाला दम मिळालेला असायचा, "पाय उमटले तं पाहा!" आजोबासुद्धा आत पाऊल टाकत नसत. पिण्याचं पाणी, विडीची पेटी, टोपी, जे काही आत राहिलं असेल ते वाळेपर्यंत आतच.

आणि मग आजी उंबऱ्याशी बसायची. तोंड खोलीकडे, पाठ आमच्याकडे. दोन्ही हात कोपरापर्यंत शेणाचे, म्हणून ते मांडीपासून जरा दूर धरलेले. हाताला शेण असलेल्या बाईला कुणी काही मागत नाही. चहा मांड म्हणत नाही, पोराला घे म्हणत नाही. उन्हाळ्यात जमीन लवकर वाळायची, पावसाळ्यात दुपार निघून जायची. तेवढा वेळ ती ओल्या जमिनीकडे बघत बसायची. धाब्यातल्या भोकातून उजेड पडायचा तिथे कमानींच्या कडा चमकायच्या आणि बाकी जमीन हिरवट काळी, थंड. ओसरीतून मला तिची पाठ दिसायची. अंबाड्यातून सुटलेले दोन-चार पांढरे केस, मानेवर गरसोळीचा काळा दोरा, त्या दोऱ्याखाली उन्हातान्हात न रापलेली कातडीची एक फिकट रेघ. एवढ्या घरात तिचं असं काही असेल तर ती रेघ आणि तो वेळ.

तिथे बसून ती कसला विचार करायची ते तिला कुणी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं. आपल्याकडे बाई नुसती बसलेली दिसली की लगेच विचारतात, काय झालं? बरं नाही का? कुणी बोललं का? तिला एकटं बसायला कारण लागतं. देवासमोर बसली तर चालतं, दुखणं असलं तर चालतं. महिन्याच्या त्या दिवसांत बाजूला बसवायचे, तेव्हा तेवढीच पाठ टेकता यायची असं म्हणणाऱ्या म्हाताऱ्या मी ऐकल्या आहेत, पण त्या बाजूला बसवण्याला मी एकांत म्हणणार नाही. तिथे तिला दूर केलेलं असायचं. सारवलेल्या खोलीच्या उंबऱ्यावर ती आपण होऊन बसलेली असायची, आणि घरानं तिला काही वेळ हाक न मारणं कबूल केलेलं असायचं. मला ईडाच्या चित्रांत हेच दिसतं. नवरा मागे उभा आहे, ब्रश हातात आहे, तिला बघतो आहे, तरी तिला वळ म्हणत नाही. १९०७ च्या एका चित्रात ती समोरून दिसते, पुढ्यात कप आहे, चेहरा थकलेला, कपाळ जड. समोरून बघितलं की तिला काय सोसावं लागलं असेल हे आपण लगेच वाचायला लागतो. पाठमोरी असली की आपल्याला काही वाचता येत नाही आणि तीही आपल्याला काही सांगायला बांधील नसते.

रिकामेपणाबद्दल एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, कारण त्यात गफलत फार लवकर होते. स्ट्रांडगेडची खोली रिकामी होती ती चित्रकाराला तशी हवी होती म्हणून. टेबल हलवायचा, खुर्ची काढायचा, पुन्हा आणायचा. भिंती राखाडी, दारं पांढरी, हेही ठरवून. आमच्या जवळचं ठरवून रिकामं केलेलं घर बघायचं तर सेवाग्रामला जावं. मातीच्या भिंती, कौलारू छप्पर, जमिनीवर चटया, बसून लिहायचं ठेंगणं मेज. गांधी १९३६ मध्ये त्या गावात, तेव्हाच्या सेगावात, राहायला आले. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो ती कुटी मुळात त्यांच्या शिष्या मीराबेननी स्वतःसाठी बांधलेली होती. आतल्या भिंतीवर ताडाची झाडं आणि चरखा मातीच्या उठावात केलेला आहे, तो त्यांच्याच हातचा. नंतर गांधी तिथे राहायला आले, आणि मग भेटायला येणाऱ्यांची रीघ. एका बाईने शांत राहावं म्हणून बांधलेली खोली देशाची झाली. मी तिथे जाते तेव्हा बापूंच्या बैठकीकडे बघून झालं की त्या ताडाच्या झाडांकडे बघत राहते. ओल्या मातीवर कुणाचीतरी बोटं फिरलेली दिसतात.

पण विदर्भातली सगळी रिकामी घरं अशी ठरवून रिकामी झालेली नाहीत. बैलजोडी विकल्यावरचा रिकामा गोठा, पोरीच्या लग्नात गेलेली भांडी, गहाण पडलेलं सामान, हेही रिकामंच दिसतं. फोटोत छान दिसतं. शहरातून आलेल्यांना वाटतं, किती साधं, किती शांत. त्या शांततेत माणसं हिशेब करत बसलेली असतात.

उलट भरलेल्या खोलीतली शांतताही आम्हाला ठाऊक आहे. कापूस वेचून झाला आणि भाव पडलेला असला की तो घरात भरतात. माजघरात, देवाच्या खोलीत, जिथे जागा मिळेल तिथे, पोरांना वर चढवून तुडवून तुडवून, पार आढ्यापर्यंत. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला होता. त्या आशेवर पुढच्या वर्षी कित्येकांनी विकलाच नाही आणि भाव उतरत उतरत सात-आठ हजारांवर आला. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ६,३८०. उन्हाळा लागला तरी घरं कापसानं भरलेली. माणसं ओसरीत झोपायची, अंगाला खाज सुटायची, कापसातले किडे चावायचे. त्या खोलीच्या दारात उभं राहून हाक मारली तर हाक विहिरीत टाकलेल्या दगडासारखी जायची, पण खालून आवाजच यायचा नाही. कवाडाच्या फटीतून ऊन आलं की त्यात कापसाचे तंतू तरंगताना दिसायचे. हामर्सहॉयच्या धुळीसारखेच, हुबेहूब. फक्त त्या पट्ट्याकडे कुणी बघत बसायचं नाही. बाबा दार उघडायचे, हात घालून कापूस पिवळा पडला का बघायचे आणि दार ओढून घ्यायचे.

आणि जे मला खरं म्हणायचं आहे ते यापुढे आहे.

विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांसोबत एक फोटो वर्षानुवर्षं छापून येतो. बाई जमिनीवर बसलेली असते. मागे मातीची किंवा चुन्याची भिंत. खोलीत फारसं काही नसतं. दारातून एका बाजूनं उजेड आलेला असतो. मांडीवर नवऱ्याचा फोटो, तिनं दोन्ही हातांनी धरलेला. राखाडी भिंत, बाजूचा उजेड, मोकळी जमीन, एकटी बाई, हामर्सहॉयच्या चित्रातलं सगळं त्यात आहे. फरक एवढाच की ती समोर बघते. तिला समोर बघायला सांगितलेलं असतं. आमच्याच गावात एका घरी मी हे होताना पाहिलं. "ताई, जरा वर बघा. फोटो थोडा वर धरा. असा." ती धरत होती. फोटोच्या काचेवर दाराचा उजेड चमकत होता म्हणून पुन्हा धरायला लावला. बाहेर ओसरीत कुणीतरी एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण पात्र ठरेल की अपात्र याची चर्चा करत होतं. कागद कुठला जोडायचा, कर्ज बँकेचं होतं की सावकाराचं. तेही बोलणं गरजेचं होतं, हे मला कळतं. त्या फोटोंनी या भागाकडे लोकांचं लक्ष गेलं, हेही खरं आहे. फोटो काढणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं.

तरी मला त्या दिवसाचं जे दिसतं ते कॅमेरा गेल्यानंतरचं. ती उठली, फ्रेम खुंटीला लावली, सरळ झाली का ते बघितलं, आणि भिंतीकडे तोंड करून तशीच उभी राहिली. एक हात फ्रेमच्या कडेवर. खांदे खाली आलेले. तिच्या मानेकडे बघताना मला वाटलं की आपण इथे असायला नको. सोबत आलेल्या बायकांपैकी एक जण पुढे होऊन तिला जवळ घेणार तेवढ्यात माझ्या चुलतसासूनं तिचा हात धरला आणि हळूच म्हणाली, "राहू दे व. तिले उभं राहू दे." आम्ही सगळ्या बाहेर येऊन बसलो.

हामर्सहॉय १९१६ साली वारला. मेल्यावर बरीच दशकं त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं, मग विसाव्या शतकाच्या शेवटी मोठी प्रदर्शनं झाली आणि जगभर त्याचं नाव झालं. त्याच्या चित्रांना गूढ म्हणतात, उदास म्हणतात. मला ती उदास वाटत नाहीत. चुलतसासूच्या त्या एका वाक्यात जी माया होती ती मला त्यांच्यात दिसते. दुसऱ्याच्या एकटेपणाला हात न लावता त्याच्या जवळ थांबायचं, आणि थांबून नीट बघायचं, यासाठी फार जीव लावावा लागतो. आमच्याकडे मायेची रीत जवळ घ्यायची, बोलतं करायची, जेवू घालायची. ती रीत मला प्यारी आहे. पण तिच्यात या दुसऱ्या मायेला जागा कमी पडते आणि घरातल्या बायकांना ती हवी असते, हे मी छातीठोकपणे सांगू शकते.

आता आमचं घर स्लॅबचं आहे. धाबं गेलं, भोक गेलं, जमिनीला फरशी आली. सारवण नाही. आईचे गुडघे वाचले, वहिनीचे हात वाचले, याचा मला आनंदच आहे. शेणाच्या जमिनीसाठी हळहळणाऱ्यांनी एकदा उकिडवं बसून माजघर सारवून बघावं. फरशी फिनेलच्या पाण्यानं पुसली की पंख्याखाली पाच मिनिटांत कोरडी होते.

वहिनी दुपारी सगळ्यांची जेवणं झाल्यावर पुसते. पलीकडच्या भिंतीपासून सुरू करून मागे मागे दाराशी येते. मग पोछा बादलीत टाकून उंबऱ्याशीच बसते, पाठ आमच्याकडे करून. कधी मोबाइल हातात असतो, कधी नसतो. परवा मला आतून चष्मा हवा होता. पुसून चांगला अर्धा तास झाला असेल. मी दाराकडे निघाले तशी ती मागे न बघताच ओरडली, "फरशी ओली हाये, कोनी येऊ नका!"

"बरं व," म्हटलं, आणि परसातून वळसा घालून मागच्या दारानं गेले.